देव निवडायचा खेळ

सिंगापूरला असताना मी काय काम करायचे असं कुणी विचारलं, की मी सांगते, "माणसांचे बळी द्यायचे." समोरचा हसतो, मीही हसते आणि विषय चहावर जातो. या अंकाच्या संपादकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "त्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा की!" मी हो म्हणून बसले. लिहायला घेतल्यावर कळलं, की गमती फार नाहीत, आणि त्या सांगून संपल्या की जे उरतं त्याची मला अजून लाज वाटते. तरी लिहिते. संपादकांना नको असेल ते त्यांनी कापावं.

पुण्यात मी शाळेत इतिहास शिकवायचे. नवऱ्याला सिंगापूरच्या एका बँकेत नोकरी लागली आणि आम्ही तिघं मरीन परेडच्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेलो. नवरा, मी आणि आमची सई. सई तिथल्याच शाळेत जायला लागली आणि वर्षभरात अशी झाली, की मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मला घरात बसवेना. एका ओळखीच्या बाईंनी पाया लेबार भागातल्या एका छोट्या कंपनीचं नाव सांगितलं. ही कंपनी मॉलचा एखादा रिकामा मजला भाड्याने घ्यायची आणि तिथे शाळांसाठी प्रदर्शनं भरवायची. एकदा डायनोसॉर, एकदा इजिप्तच्या ममी. मी लागले तेव्हा ॲझ्टेक चालू व्हायचं होतं. अस्सल वस्तू त्यात एकही नव्हती. काळ्या काचेसारख्या दगडाच्या सुऱ्या रेझिनच्या, कवट्या प्लास्टरच्या आणि मधोमध फायबरचं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ, मुलांना वर चढता येईल असं. मुलांना ते सगळं फिरवून दाखवायचं, समजावून सांगायचं, हे माझं काम.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. मुलांना हात वर करायला लावायचं आणि बोलत सुटायचं, एवढंच वाटतं. पण चाळीस मुलं एका काचेच्या पेटीपुढे उभी केली, की पुढच्या दहांना दिसतं आणि मागची तीस एकमेकांना चिमटे काढतात. म्हणून आधी मुलांना खाली बसवायचं, मग बोलायचं. वस्तूकडे बघत बोलायचं नाही, मुलांकडे बघत बोलायचं; वस्तू कुठे पळून जात नाही. आणि सगळ्यात चटकदार गोष्ट पहिल्यांदा सांगायची नाही. सांगितली, की पुढचं कुणी ऐकत नाही. ॲझ्टेकांच्या बाबतीत हे फारच अवघड, कारण मुलं बसमधून उतरतानाच विचारायची, "वेअर इज द हार्ट?"

मी त्यांना थांबवून ठेवायचे. आधी सांगायचे, की या लोकांच्या समजुतीप्रमाणे जग आपोआप चालत नाही. देवांनी स्वतःला आगीत झोकून दिलं, स्वतःचं रक्त दिलं, तेव्हा कुठे सूर्य हलला. देवांनी एवढं केलं, तर माणसांनी परत काही द्यायला नको? नाही दिलं तर सूर्य थांबेल, पाऊस थांबेल, मका पिकणार नाही. म्हणून राजासकट सगळे घायपाताचा काटा टोचून स्वतःचं रक्त देत. आणि मोठ्या सणांना माणूस, त्याचं काळीज काढून. तो बहुधा लढाईत पकडून आणलेला असे. शत्रूला मारणाऱ्यापेक्षा जिवंत धरून आणणाऱ्या शिपायाचा मान मोठा. जास्त कैदी आणले, की अंगावरचं वस्त्र बदले, समाजातली जागा बदले. शेजारच्या राजांना मुद्दाम सोहळा बघायला बोलावत, म्हणजे ते घरी जाऊन गप्प राहत. धर्मही होता आणि दराराही होता, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. बळींचे आकडे नंतर तो देश जिंकलेल्या स्पॅनिश लोकांनी फुगवले असतील, पण बळी देत नव्हते असं कुणी म्हणू नये. कवट्या जमिनीतून निघाल्या आहेत.

शनिवार-रविवारी मोठी माणसं यायची, तीही एकेक नग. एक निवृत्त सर्जन आले होते. मी छातीवर हात ठेवून सांगत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "इथून नाही जमणार, मॅडम. बरगड्यांच्या खालून हात घालायला लागेल." आणि बायकोला उभी करून तिच्या पोटावर बोटाने रेघ काढून दाखवली. बायको बिचारी मोबाइल बघत उभी राहिली, तिला सवय असावी. एक चिनी आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांना कशाचंच नवल वाटलं नाही. "गॉड ऑल्सो मस्ट ईट, ला," एवढं तिथल्या इंग्रजीत म्हणून ते बाकावर जाऊन बसले. आणि तिथल्या मराठी मंडळातल्या एक काकू सगळं ऐकून म्हणाल्या, "केवढे रानटी बाई! आपल्याकडे नाही हो असलं." मी म्हटलं, "आपल्याकडे विहिरीला पाणी लागेना म्हणून सून बळी दिल्याच्या कथा गावोगाव सांगतात की." त्या म्हणाल्या, "त्या कथा झाल्या." मी म्हटलं, "कथेतसुद्धा मुलगी नाही देत, सूनच देतात, लक्षात आलं का?" काकू माझ्यावर रागावल्या. मी मात्र दिवसभर स्वतःवर खूश होते. माझं तोंड असं चुरूचुरू चालायचं तेव्हा.

पहिल्या महिन्यात शाळांचे अभिप्राय बरे आले, फार बरे नाही. आमच्या मालकीणबाई मिस टॅन डेस्कवर काया टोस्ट, म्हणजे नारळाचा गोड जॅम लावलेला टोस्ट, खाता खाता म्हणाल्या, "मुलांना काहीतरी करायला द्या. नुसतं ऐकून कंटाळतात." मी घरी विचार केला आणि मला सुचलं. त्या वेळी वाटलं होतं, की आयुष्यात इतकं चांगलं मला दुसरं काही सुचलं नसेल.

ॲझ्टेकांचा एक सण होता. त्यासाठी ते वर्षभर आधी एक तरुण कैदी निवडत. तो अगदी निर्दोष हवा. अंगावर व्रण नको, दात वाकडे नकोत, बोलताना अडखळायला नको. मग वर्षभर तो देवच. त्याला बासरी शिकवत, फुलं घेऊन चालायचं कसं ते शिकवत. तो रस्त्याने निघाला की लोक वाकून नमस्कार करत. त्याचं स्वतःचं नाव संपलं. त्याला देवाच्या नावाने हाक मारत. आणि वर्ष सरलं, की तो आपल्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढे, एकेका पायरीवर एकेक बासरी मोडत. वर पुजारी थांबलेले असत. तो गेला की त्याच दिवशी पुढच्या वर्षाचा नवा निवडलेला असे.

मला वाटलं, हे मुलांना कळलं पाहिजे. रक्त नाही, तो मान. ज्याला मारायचं त्याला आधी सजवायचं, ओवाळायचं, हे कळलं तर त्यांना ते लोक कळले. म्हणून मी खेळ बसवला. वर्गाने आपल्यातला एक देव निवडायचा. मी त्याच्या गळ्यात हार घालायचा. हार झेंडूचा, लिटिल इंडियातून आणलेला. झेंडू मूळचा त्या मेक्सिकोकडचाच, हे सांगितलं की मुलं चकित व्हायची, आणि त्यांच्या टीचरही. पण नुसत्या हाराने मान दिल्यासारखं वाटेना. मान कसा द्यायचा हे मला एकाच पद्धतीने माहीत होतं. मी घरून तबक नेलं. कुंकू, अक्षता, सुपारी. मॉलमध्ये ज्योत चालत नाही म्हणून बॅटरीवरची पणती घेतली. त्या मुलाला पाटासारख्या एका खोक्यावर बसवायचे, कुंकू लावायचे, डोक्यावर अक्षता टाकायचे आणि ओवाळायचे. सईच्या वाढदिवसाला ओवाळते तसंच, हात तसाच फिरायचा. मग वर्गाला सांगायचे, "आता याला नाव नाही. याला नावाने हाक मारायची नाही. हा देव आहे." मूल कागदाच्या बासऱ्या मोडत पायऱ्या चढायचं, वर रेझिनच्या दगडावर आडवं व्हायचं, मी छातीवर हात ठेवायचे, तिकीट काउंटरवरची फरीदा ढोलाचं बटण दाबायची. ढोल थांबला की टाळ्या.

खेळ तुफान चालला. शाळा खेळाचं नाव घेऊन मागायला लागल्या. मिस टॅननी माझा पगार वाढवला नाही, पण डेस्कवरचा टोस्ट अर्धा तोडून दिला, आणि तिथे राहिलेल्या माणसाला कळेल की ते काही कमी नव्हतं.

फरीदा हे रोज बघायची. एकदा हार फ्रिजमध्ये ठेवताना ती म्हणाली, "आंटी, दर वेळी एकाच टाइपचं मूल वर येतं. यू नोटिस ऑर नॉट?"

मी म्हटलं, "लाजरी मुलं असतात गं. एरवी त्यांना कोण पुढे करतं?"

पण माझ्या लक्षात आलं होतं. जन्मभर वर्गात उभ्या राहिलेल्या बाईच्या लक्षात कसं नाही येणार? मी म्हणायचे, "निर्दोष मूल निवडा," आणि मुलं खिदळत बोट दाखवायची ते कानात मशीन घातलेल्या मुलाकडे. कधी नुकत्याच चीनमधून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलीकडे. कधी एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसलेल्या मुलाकडे. ज्याच्याशेजारी कुणी बसत नाही त्याला निवडायला एक मिनिटही लागायचं नाही. टीचर हसायच्या, मीही हसायचे. मनात म्हणायचे, एकदा तरी हार पडतो ना गळ्यात, एकदा तरी टाळ्या मिळतात. आणि काही मुलं खरंच खुलायची. त्या काहींकडे मी बघायचे आणि बाकीच्यांकडे नाही.

मग एके दिवशी वेळापत्रकात सईच्या शाळेचं नाव आलं, सईचाच वर्ग. मी घरी गेल्या गेल्या सांगितलं. सई वरणभात खात होती. चमचा तसाच धरून म्हणाली, "आई, दॅट डे यू कॅन टेक लीव्ह ऑर नॉट?"

"का गं?"

"नथिंग ला. जस्ट."

मला वाईट वाटलं. मला वाटलं तिला माझ्या इंग्रजीची लाज वाटते, माझ्या कुंकवाची, साडीची. रागही आला. म्हटलं, आईच्या कामाची लाज वाटते का? तिने मानेनेच नाही म्हटलं आणि जेवून उठली. सईला मैत्रिणी भरपूर, असंच मला माहीत होतं. रोज काही ना काही सांगायची, आज रेचल असं म्हणाली, उद्या नुराने तसं केलं. मी मनात ठरवलं, त्या दिवशी असं काही करून दाखवीन, की पोरगी मैत्रिणींना मिरवून सांगेल.

आणि त्या दिवशी मी खरंच छान बोलले. त्या वर्गाला मी पूर्ण बांधून ठेवलं होतं. सई मागे टोकाला बसली होती. तिच्या बाजूला थोडी जागा रिकामी होती, पण तेव्हा मला वाटलं ती मुद्दाम माझ्यापासून लांब बसली आहे. मी म्हटलं, "आता तुमच्यातला एक देव निवडा." आणि वर्ग एका आवाजात ओरडला, "सई! सई! सई!"

सांगायची लाज वाटते ती इथे. मला आनंद झाला. एक क्षणभर माझा ऊर भरून आला, की माझी लेक वर्गाची इतकी लाडकी आहे! मी हार हातात घेऊन हसत पुढे झाले. आणि मग चेहरे दिसले. ते खिदळणं मी महिनोन् महिने ऐकत होते, ते मला झोपेतही ओळखू आलं असतं. सई उठली. तिने वर बघितलं नाही. खोक्यावर येऊन बसली, कारण कुठे बसायचं ते तिला माहीत होतं. घरी तशीच बसायची ती पाटावर.

मी थांबू शकले असते. "माझी मुलगी आहे, दुसरं कुणी निवडा," म्हणाले असते तर कुणीही ऐकलं असतं. पण तेव्हा दुसरं कुणी म्हणजे कोण? आणि मुलांनी तिला अजूनच चिडवलं असतं, असंही मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला खेळ मोडायचा नव्हता. चाळीस मुलं बघत होती, दोन टीचर बघत होत्या, खेळ रंगात होता. मी कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. तिच्या डोळ्यांत बॅटरीची ती पिवळी पणती दिसत होती. मग मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता हिला नाव नाही."

सई चढली. एकही न विसरता सगळ्या बासऱ्या मोडल्या. दगडावर आडवी झाली आणि मी तिच्या छातीवर हात ठेवला. ते धडधडणं माझ्या हाताला लागलं. ढोल वाजला. मला शाळेच्या फाटकावर पाहिलेली एक मुलगी जोरात म्हणाली, "वाह, हर ओन मदर किल हर!" वर्ग हसला आणि मी गाइड म्हणून त्यांच्याबरोबर हसले.

दुपारी दुसऱ्या शाळेचा वर्ग होता. त्यांनी एक चष्मेवाला मुलगा निवडला. मी तोच हार त्याच्या गळ्यात घातला.

संध्याकाळी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून सईला आवडतो तो चिकन राइस घेऊन गेले. ती गपचूप खात होती. मी विचारलं, "सई, त्यांनी तुलाच का निवडलं?"

"बिकॉज दे ऑलवेज चूज मी. पीईच्या टीममध्ये लास्ट चूज करतात, दिस काइंड ऑफ थिंग फर्स्ट चूज करतात."

"आणि रेचल? नुरा? रोज सांगायचीस ना मला..."

"दे टॉक. आय लिसन. देन आय टेल यू."

मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलले, "मी नाही गं निवडत कुणाला. मुलंच निवडतात."

सई भाताकडे बघत म्हणाली, "यू आस्क देम टू चूज, आई." आवाजात राग नव्हता. गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाली आणि ताट बेसिनमध्ये ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस टॅनकडे गेले. खेळ बंद करायला सांगायचा म्हणजे भांडण होणार, शाळांचे पैसे परत करावे लागणार, नोकरी जाईल, अशी सगळी तयारी करून गेले होते. म्हटलं, मुलांना निवडायला लावणं बरोबर नाही, मीच देव होईन आणि मुलं मला वर पाठवतील. त्या म्हणाल्या, "ओके, कॅन. तुमचा प्रोग्राम, तुम्ही बदला. व्हाय यू नेव्हर से अर्लिअर?"

इतकं सोपं होतं. मला वाटत होतं की कुणीतरी माझ्याकडून हे करून घेत आहे. कुणीच करून घेत नव्हतं. त्या दिवसापासून मी स्वतःच हार घालून पायऱ्या चढले. मुलांना ते जास्त आवडलं, कारण बाईंना मारायला कुणाला नाही आवडणार! गुडघे दुखायचे, पण प्रदर्शन संपेपर्यंत चढले.

प्रदर्शन आवरून फायबरचं देऊळ ट्रकमधून गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सईचा बारावा वाढदिवस आला. मी सकाळी उठून पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबक घासूनपुसून घेतलं. या वेळी खरं निरांजन, साजूक तुपाचं. सईला हाक मारली. ती न्हाऊन, नवीन फ्रॉक घालून आली आणि पाटाजवळ उभी राहिली. बसेना.

"बस ना, राजा."

"आई, ते बाकीचे. ज्यांना तू असं केलंस." ती मराठीत बोलत होती, बऱ्याच दिवसांनी. "त्यांच्यातल्या एकाचं नाव सांग. मग बसते."

मी आठवत राहिले. कानात मशीन घातलेला मुलगा आठवला, त्याच्या मशीनचा रंगसुद्धा आठवला. ती चीनची मुलगी, तिचे दोन पोनीटेल आठवले. त्या दिवशी दुपारचा चष्मेवाला मुलगा आठवला, हार घालताना त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला होता. ज्यांना ज्यांना कुंकू लावलं, ते सगळे चेहरे माझ्यासमोर उभे राहिले. तबक हातात जड व्हायला लागलं.

"एक तरी," सई म्हणाली.

विसरले असते तर निदान विसरले म्हणता आलं असतं. मी एकालाही नाव विचारलंच नव्हतं. सईने वाकून निरांजन फुंकर मारून विझवलं, तबकातली साखर स्वतःच चिमटीत घेऊन तोंडात टाकली आणि शाळेला गेली.